खालच्या लीगमधला गुणी फुटबॉलपटू कसा हेरावा?

शेफील्डवासी

नमस्कार. मी अकरा वर्षांपासून शेफील्डमध्ये राहतो आणि गेले तीन हंगाम येथील एका अर्धव्यावसायिक क्लबासाठी खेळाडू पाहण्याचे काम विनामोबदला करतो. शनिवारी दुपारी किंवा मंगळवारी संध्याकाळी एखाद्या गावच्या मैदानावर कठड्याला टेकून उभे राहायचे, नेमून दिलेल्या एकाच खेळाडूकडे नव्वद मिनिटे पाहायचे आणि घरी येऊन त्याच्यावर दोन पानांचे टिपण लिहायचे, असे हे काम आहे. त्यातून जे शिकलो ते मराठीत मांडावे, आणि महाराष्ट्रात किंवा गोव्यात ज्यांनी स्थानिक लीग जवळून पाहिल्या आहेत त्यांचे अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगचे २० आणि तिच्याखालच्या तीन विभागांचे ७२ असे ९२ क्लब पूर्ण व्यावसायिक मानले जातात. त्यांच्या खाली पाचव्या स्तरावर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचे उत्तर आणि दक्षिण विभाग, सातव्यावर चार विभाग, आठव्यावर आठ विभाग, अशी उतरंड खाली गावाच्या मैदानापर्यंत जाते. पाचव्या स्तरावरचे बरेच क्लब आता पूर्णवेळ झाले आहेत. पण सातव्या-आठव्या स्तरावरचा खेळाडू दिवसभर विजेची कामे करतो, शाळेत शिकवतो किंवा गोदामात पाळी करतो आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येतो. महत्त्वाची गोष्ट अशी की ही उतरंड वरपर्यंत जोडलेली आहे. क्लब जिंकत गेला तर वर चढतो, आणि खेळाडू तर क्लबाच्याही आधी चढू शकतो.

माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर स्टॉक्सब्रिज हे पोलादाच्या कारखान्यांचे गाव आहे. शेफील्ड वेन्सडे या क्लबाने सोळाव्या वर्षी सोडून दिलेला जेमी वार्डी तेथील स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबात आठवड्याला ३० पौंडांवर खेळत असे आणि दिवसा वैद्यकीय आधारपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करत असे. २०१० मध्ये हॅलिफॅक्स टाउनने त्याला १५ हजार पौंडांत घेतले, २०११ मध्ये फ्लीटवुड टाउनने दीड लाखांत घेतले, आणि तेथे एका हंगामात ३१ लीग गोल केल्यावर मे २०१२ मध्ये लेस्टर सिटीने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. ९२ क्लबांबाहेरच्या खेळाडूसाठी एवढी रक्कम तोपर्यंत कोणी दिली नव्हती. पुढे २०१५-१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीग जिंकले आणि वार्डीने त्या हंगामात २४ लीग गोल केले, हे बहुतेकांना ठाऊक असते.

या कथेचा जो भाग सहसा सांगितला जात नाही तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो. लेस्टरमधल्या पहिल्या हंगामात वार्डीने लीगमध्ये अवघे चार गोल केले आणि तो इतका खचला की फुटबॉल सोडण्याचा विचार करू लागला. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याची समजूत काढली नसती, तर हा खेळाडू ‘खालच्या लीगमध्ये गोल करणारा, वर न चालणारा’ म्हणून नोंदला गेला असता आणि तो शिक्का कोणाला चुकीचाही वाटला नसता. खेळाडू हेरणे म्हणजे त्याला शोधणे आणि नंतर त्याच्यावर विश्वास ठेवून थांबणे, ही दोन्ही कामे आहेत, आणि दुसरे अधिक अवघड आहे.

आता मी मैदानावर नेमके काय पाहतो ते सांगतो. गोल आणि ड्रिब्लिंग सर्वांनाच दिसतात, म्हणून त्यांच्याकडे मी मुद्दाम कमी लक्ष देतो. चेंडू आपल्याकडे येण्याआधी खेळाडू मान वळवून किती वेळा मागे पाहतो, हे मी मोजतो. आठव्या स्तरावर मैदान उंचसखल असते आणि पास उसळत येतो. अशा चेंडूला ट्रॅप करताना, म्हणजे पायाने थांबवून ताब्यात घेताना, त्याचे शरीर आधीच पुढच्या पासच्या दिशेने वळलेले असते का, हे पाहतो. त्याच्या चुकीमुळे गोल झाल्यानंतरच्या दहा मिनिटांत तो चेंडू मागतो की बचावपटूच्या आड लपतो, हे पाहतो. सर्वांत शेवटी, ऐंशीव्या मिनिटाला तो जे धावतो ते पाहतो, कारण तो माणूस सकाळी सहाला कामावर गेलेला असतो आणि त्या थकव्यातही योग्य जागी पोहोचत असेल, तर पूर्णवेळ सराव, आहार आणि विश्रांती मिळाल्यावर तो किती वाढेल याचा अंदाज तेथे बांधता येतो. अकादमीत वाढलेल्या मुलाला हे सगळे आधीच मिळालेले असते. खालच्या लीगमधल्या गुणी खेळाडूची वाढ अजून शिल्लक असते, आणि त्याच्यावर पैसे लावण्याचे खरे कारण तेच आहे.

माझी ठाम समजूत अशी झाली आहे की एका सामन्यावरून कोणाबद्दलही मत देऊ नये. मी किमान पाच सामने मागतो : दोन घरच्या मैदानावर, दोन बाहेर, आणि एक असा ज्यात त्याचा संघ दाणादाण हरत आहे. पहिल्या हंगामात मी एका मिडफिल्डरबद्दल एकाच सामन्यानंतर ‘संथ’ असे लिहून त्याचा विषय संपवला होता. त्या दिवशी तो रात्रपाळी करून थेट मैदानावर आला होता, हे मला पुढे कळले. आज तो माझ्या क्लबापेक्षा दोन स्तर वर खेळतो. ते टिपण मी जपून ठेवले आहे आणि प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला वाचतो.

आपल्याकडे हे काम कोण करते आणि कसे करते, ते जाणून घ्यायचे आहे.

पेठेतला बॅक

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून नऊ हंगाम डाव्या बाजूला बॅक, म्हणजे बचावपटू, म्हणून खेळलो. तालमीचे नाव लिहीत नाही, कारण मुद्दा साऱ्या पेठांचा आहे.

तुमच्याकडे गावच्या मैदानावर दोन-तीनशे प्रेक्षक असतात, तर आमच्याकडे राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा, किंवा दिलबहार आणि प्रॅक्टिस या संघांचा सामना असला की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगमध्ये वरिष्ठ गटात खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची कुंडली प्रेक्षकांना पाठ असते. तो शाळेत कोणत्या जागेवर खेळायचा, कोणत्या पायाने कच्चा आहे, त्याचे वडील कोणत्या तालमीचे होते, हे सगळे लोक सांगू शकतात. म्हणजे पाहणारे डोळे आमच्याकडे हजारोंनी आहेत आणि खेळ कळणारेही पुष्कळ आहेत. पण हे सगळे ज्ञान पेठेतच राहते. ते कोणी लिहून काढत नाही आणि बाहेरच्या क्लबापर्यंत पोहोचवत नाही.

अनिकेत जाधव कोल्हापूरचा. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला, आणि २०२१-२२ मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली तेव्हा त्या संघात होता. त्याचा आम्हाला अभिमान आहेच. मात्र तो लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता, म्हणजे पेठेच्या लीगमध्ये मोठा होऊन वर गेलेला तो खेळाडू नव्हे. जो मुलगा सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बाहेर पडला नाही, तो तेवीस-चोवीसाव्या वर्षी कितीही बहरला तरी त्याच्यासाठी पुढची पायरीच दिसत नाही. वार्डीला पंचविसाव्या वर्षी लेस्टर मिळाले. आमच्याकडे पंचविशीतल्या खेळाडूला लोक ‘आता नोकरी बघ’ असे सांगू लागतात, आणि ते प्रेमानेच सांगतात.

एक अनुभव लिहितो. माझ्या पुढे डाव्या बाजूला एक मिडफिल्डर खेळायचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कामाला होता. पाच फूट चार इंच उंची, बोलणे जवळजवळ नाही, पण माझ्या पायात चेंडू आला की माझा पास घ्यायला तो नेमक्या जागी उभा असायचा. मी मान वर करण्याआधी तो तेथे असायचा. त्याला एका मोठ्या शहरातल्या क्लबाने निवडचाचणीला बोलावले. साठ मुले होती, पाठीवर नंबर चिकटवले होते आणि प्रत्येकाला चाळीस मिनिटे मिळाली. जो तो स्वतःला दाखवण्यासाठी चेंडू घेऊन एकटाच पळत होता. याला पासच मिळेना. चाळीस मिनिटांत त्याने जेमतेम सात-आठ वेळा चेंडूला पाय लावला आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत आला. त्यानंतर तो कुठल्याही चाचणीला गेला नाही. मला आजही त्याचे वाईट वाटते, कारण आमच्या संघात तो सर्वांत चांगला होता आणि हे फक्त संघातल्या मुलांनाच माहीत होते.

शेफील्डवासी

तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. निवडचाचणीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते मला पूर्ण पटते. अनोळखी साठ मुले एकत्र सोडल्यावर जी गोष्ट तपासली जाते ती फुटबॉल नसतेच. कडेने एकट्याने चेंडू पळवणारा विंगर तेथे चमकतो. पण ज्याचे सारे मोल इतरांच्या हालचालीशी जुळवून घेण्यात आहे, असा मिडफिल्डर किंवा बॅक तेथे दिसूच शकत नाही.

याउलट, ज्या क्लबांनी खालच्या लीगमधून सातत्याने चांगले खेळाडू उचलले, त्यांनी प्रत्यक्ष लीग सामन्यांतली कामगिरी पाहिली. जानेवारी २००७ च्या सुमारास पीटरबरो युनायटेडने पाचव्या स्तरावरून तीन खेळाडू घेतले : डॅगनम अँड रेडब्रिजमधून क्रेग मॅकेल-स्मिथ, ग्रेज अ‍ॅथलेटिकमधून आरन मॅक्लीन आणि स्टीव्हनेजमधून जॉर्ज बॉइड. तिघेही तेव्हा आपापल्या क्लबात आठवड्यामागून आठवडा खेळत होते. त्यांच्या जोरावर पीटरबरो २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे वर चढले. तीन जण एकाच वेळी घेतल्याचा आणखी एक फायदा मला दिसतो. खालून आलेला एकटा खेळाडू नव्या ड्रेसिंग रूममध्ये बुजतो. त्याच वाटेने आलेले आणखी दोघे शेजारी बसलेले असतील तर त्याला ‘आपण येथले नाही’ असे वाटत नाही.

वयाबद्दलही लिहायला हवे. इयन राइट क्रिस्टल पॅलेसमध्ये गेला तेव्हा बावीस वर्षांचा व्हायला आला होता आणि त्याआधी ग्रेनिच बरोमध्ये खेळत होता. पुढे त्याने आर्सेनलसाठी १८५ गोल केले. स्टुअर्ट पिअर्स इलेक्ट्रिशियनचे काम करत वील्डस्टोनमध्ये पाच वर्षे खेळला, १९८३ मध्ये कोव्हेंट्रीने त्याला घेतले आणि पुढे तो इंग्लंडकडून ७८ सामने खेळला. जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोजे सुतारकाम शिकला होता आणि विशीपर्यंत गावच्या क्लबात खेळत होता. २०१४ मध्ये विश्वचषकातल्या सर्वाधिक, म्हणजे १६, गोलांचा विक्रम त्याच्या नावावर झाला. ही नावे अपवाद आहेत हे मी मान्य करतो. पण हे अपवाद घडले त्यामागे एक साधे कारण होते : वीस-पंचविसाव्या वर्षीही त्यांचे सामने पाहायला कोणी तरी येत होते.

आकडेवारी

मी व्यवसायाने संख्याशास्त्राशी संबंधित आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

खालच्या लीगमध्ये गोलांची संख्या फार फसवी असते. कोणी एका हंगामात पंचवीस गोल केले असे ऐकले की मी आधी त्यांतले पेनल्टी किक वेगळे काढतो, मग तळाच्या तीन संघांविरुद्धचे गोल वेगळे काढतो, आणि उरलेल्या गोलांना तो खेळाडू मैदानावर प्रत्यक्ष किती मिनिटे होता त्याने भागतो. या तीन पायऱ्यांनंतर पंचवीस गोलांचा खेळाडू कधी कधी अगदी सामान्य ठरतो आणि अकरा गोलांचा खेळाडू त्याच्या पुढे जातो. चौथी गोष्ट वयाची. एकोणीस वर्षांच्या मुलाने तिशीतल्या दणकट बचावपटूंविरुद्ध केलेले आठ गोल आणि एकोणतीस वर्षांच्या फॉरवर्डचे आठ गोल एकाच रकान्यात लिहू नयेत.

बचावपटू आणि मिडफिल्डर यांच्यासाठी मात्र असे सोपे आकडे नाहीत. शेफील्डवासी यांनी मान वळवण्याचे जे लिहिले आहे, ते मोजायला पूर्ण सामन्याचे चित्रीकरण लागते. अलीकडे खांबावर बसवून सगळे मैदान आपोआप टिपणारे वीओसारखे कॅमेरे आले आहेत आणि युरोपातले लहान क्लबही ते वापरतात. आपल्याकडे मिझोरमचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. तेथे २०१२ मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली आणि स्थानिक केबल वाहिनीने तिचे सामने दाखवायला सुरुवात केली. त्याच लीगमधला आयझॉल एफसी हा क्लब २०१६-१७ मध्ये आय-लीग या देशव्यापी लीगचा विजेता झाला. एका छोट्या राज्यातला स्थानिक क्लब देशाची लीग जिंकतो, यामागे अनेक कारणे आहेत. पण सामने नियमित होणे, ते दिसणे आणि त्यांची नोंद राहणे या गोष्टी त्यांत नक्कीच मोडतात.

म्हापसेकर

गोव्यातली अडचण थोडी वेगळी आहे. आमच्याकडे गोवा प्रोफेशनल लीग आहे, सेझा (सेसा) या खाण कंपनीची अकादमी १९९९ पासून चालू आहे, आणि म्हापशाच्या धुळेर मैदानावर चांगला सामना असला की जाणते लोक आवर्जून येतात. त्यामुळे मुलगा नजरेत येतो. पण जून ते ऑगस्ट पावसात खेळ थंडावतो, आणि हंगामात लीगच्या जोडीला गावागावांतल्या स्पर्धा असतात. तेथे एका सामन्याचे हातात रोख पैसे मिळत असतील, तर वीस वर्षांचा मुलगा विश्रांतीचा दिवस सोडून तिकडे खेळतो. अशा मुलाला लीगमध्ये पाहायला आलेला माणूस थकलेले पाय पाहून परत जातो. त्यातच घरातून बोटीवरच्या नोकरीचा विषय निघतो आणि दोन-तीन हंगामांत तो मुलगा मैदानावर दिसेनासा होतो. म्हणून माझे मत असे की हेरणाऱ्याने खेळाडूच्या घरी एकदा जावे आणि तो आठवड्यात किती सामने खेळतो व घर कोणाच्या पगारावर चालते, हे विचारावे. त्याशिवाय टिपण पूर्ण झाले असे मी मानत नाही.

वांद्र्याची आई

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. मुंबईच्या खालच्या विभागातल्या एका संघाकडून खेळतो, उजवा बॅक आहे, वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला शिक्षण थांबवून पूर्ण वेळ फुटबॉल खेळायचा आहे. कोणी तरी त्याला चांगल्या क्षणांची तीन मिनिटांची चित्रफीत बनवून क्लबांना पाठवायला सांगितले आहे आणि त्यासाठी बरेच पैसे मागितले आहेत. मी नेव्हिल डिसोझा मैदानावर त्याचे सामने पाहते, पण मला खेळातले तेवढे कळत नाही. काय करावे?

शेफील्डवासी

ताई, तुम्ही विचारलेत ते फार बरे केलेत.

शिक्षण थांबवू नये, असे मी स्पष्ट सांगेन. मी येथे ज्यांच्यावर टिपणे लिहितो ते जवळजवळ सगळे दिवसा दुसरे काही करतात, आणि ज्याच्या पोटाची सोय झालेली आहे तो खेळाडू दुखापतीनंतर घाईने मैदानावर उतरत नाही. एकोणीसाव्या वर्षी बॅकच्या जागेवर खेळणाऱ्या मुलाकडे अजून वेळ आहे. ही जागा अनुभवाने पक्की होते.

त्या चित्रफितीवर पैसे घालू नका. तीन मिनिटांत प्रत्येक खेळाडू चांगला दिसतो, हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. त्याऐवजी एखाद्या नातेवाइकाला उंच जागेवरून, कॅमेरा न हलवता, अर्धे मैदान दिसेल असा पूर्ण सामना टिपायला सांगा. असे तीन सामने असू द्या, आणि त्यांतला एक हरलेला असू द्या. बॅकचे काम चेंडू दुसऱ्या बाजूला असतानाच अधिक दिसते : तो आत सरकतो का, मागच्या फॉरवर्डवर नजर ठेवतो का, गोलरक्षकाशी बोलतो का. जवळून फक्त चेंडूमागे फिरवलेल्या कॅमेऱ्यात यांतले काहीच येत नाही.

आणि क्लब निवडताना नाव पाहू नये, मैदानावर मिळणारी मिनिटे पाहावीत. मोठ्या संघाच्या बाकावर हंगाम काढण्यापेक्षा लहान संघात पंचवीस पूर्ण सामने खेळलेला मुलगा मला अधिक सांगण्याजोगा वाटतो, कारण त्याच्याबद्दल लिहायला माझ्याकडे काही तरी असते.

पेठेतला बॅक यांना एक विनंती आहे. तुमच्याकडे पाहणारे हजारो आहेत असे तुम्ही लिहिलेत. त्यांतल्या चार-पाच जाणत्यांनी येत्या हंगामात प्रत्येकी दोन खेळाडू वाटून घेतले, तर मी माझ्या टिपणाचा कोरा नमुना मराठीत करून देईन. आकडेवारी यांनी मिनिटांचा तक्ता सांभाळावा. आपल्या तालमीचा खेळाडू मात्र कोणी घेऊ नये.

पेठेतला बॅक

नमुना जरूर पाठवा. शेवटची अट आमच्याकडे सर्वांत जड जाईल, पण ती हवीच. मी विरुद्ध पेठेतल्या दोघांची नावे आजच ठरवली आहेत. एक बॅक आहे आणि दुसरा मिडफिल्डर, एकवीस आणि चोवीस वर्षांचे. दोघांनाही कोणत्याच बक्षीस समारंभात मी कधी पाहिलेले नाही. मान किती वेळा वळवतात ते मोजायला माझ्या धाकट्या भावाला शेजारी बसवणार आहे, कारण मी मोजायला लागलो की खेळच पाहत बसतो. तुमच्या नमुन्यात ‘कामाची पाळी’ असा एक रकाना घालाल का? सामन्याच्या दिवशी खेळाडू कोणती पाळी करून आला हे फाउंड्रीतल्या मुलांच्या बाबतीत आम्हाला सहज कळते.

शेफील्डवासी

घातला. तारखेच्या लगेच खाली ठेवला आहे.